गिअर आपोआप सुटत नसतो

ती गाडी माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला हॉर्नवरूनच ओळखलं, आणि डोक्यात पहिला विचार आला तो हिच्या टाकीत पेटती काडी टाकण्याचा. गाडीचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पस्तीस वर्षं जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती रंगरंगोटी करून दारात आल्यावर तिला ओवाळायला मी काही संत नाही.

बीडमध्ये नगर नाक्याच्या पुढे माझं गॅरेज आहे. पाटी लावलेली नाही. गिअरबॉक्सवाला मिस्त्री म्हटलं की कोणीही रिक्षावाला आणून सोडतो, आणि माणूस तिरसट आहे हेही वाटेत सांगून ठेवतो. गिअरबॉक्सला आम्ही डबा म्हणतो. जुन्या गाड्यांचा डबा उघडून परत जसाच्या तसा लावणारा माणूस आता आमच्या भागात फारसा उरलेला नाही. नवी पोरं गाडीला संगणक जोडतात, आणि संगणक गप्प बसला की तीही गप्प बसतात.

ही गाडी संगणकाच्या बापालाही दाद देणारी नव्हती. एके काळी कलेक्टर आणि मोठे बागायतदार जिच्यातून फिरायचे ती ही गुबगुबीत पांढरी गाडी. गिअरची दांडी खाली नाही, स्टिअरिंगच्या खांबाला. ड्रायव्हरने ती दांडी उपरण्याने बांधून आणली होती, कारण मोकळी ठेवली की तिसऱ्या गिअरमधून निसटत होती. मागून काळ्या मोठ्या गाडीतून धाकले मालक उतरले. शिरूर कासारकडच्या आमच्या गावातली सगळ्यात मोठी जमीन यांची. यांचे वडील, थोरले मालक, जाऊन बरीच वर्षं झाली. हे आता पन्नाशी ओलांडून गेले तरी गाव यांना धाकलेच म्हणतं.

"मिस्त्री, आमच्या तात्यांची गाडी हाय," ते म्हणाले. "पुन्याहून नवी करून आनली. पत्रा, रंग, शिटा, समदं झालं. निस्ता तिसरा टिकत न्हाई. निवडनुकीचा अर्ज भरायला हिच्यातच बसून जायचंय. लोकांना तात्या दिसले पाह्यजेत."

"मग पुण्यातच का नाही केलं?" मी विचारलं.

"ते म्हनले, या डब्याला हात लावनारा मानूस तुमच्या बीडातच हाय." मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचे वडील व्हते ना आमच्याकडं? डायवर?"

विकून टाकलेल्या बैलाची चौकशी करावी तसं ते विचारणं होतं. मी हो म्हणालो, आठ दिवसांनी या म्हणालो, आणि हातातला पाना खाली ठेवला. तो हातात राहिला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

ते गेल्यावर मी तासभर त्या गाडीकडे फिरकलो नाही. तिसरा टिकत नाही, एवढंच ते बोलले होते. पण हेच शब्द पस्तीस वर्षांपूर्वी माझे वडील गावभर सांगत फिरले होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा या गाडीवर चौदा वर्षं ड्रायव्हर होते. चप्पल बाहेर काढून मगच गाडीत बसायचे. सकाळी गाडी पुसून झाल्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत. मी वीस वर्षांचा असताना, दिवाळी होऊन गेल्यावर, थोरले मालक चतुर्थीला लिंबागणेशला दर्शनाला गेले. बरोबर गावातली तीन माणसं होती. परत बीडकडे येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी आवरेना. ब्रेक तापून निकामी झाले. दादांनी गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. थोरल्या मालकांचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. दरीत गेली असती तर पाच जणांचा दहावा एकाच दिवशी झाला असता. पण आपण वाचलो याचं कौतुक माणसाला दोन दिवस पुरतं. तिसऱ्या दिवशी तो गुन्हेगार शोधायला लागतो.

गुन्हेगार लगेच सापडला. पुढे बसलेल्या माणसाने सांगितलं की गाडी थांबली तेव्हा गिअर न्यूट्रलला होता. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायची खोड तेव्हा बऱ्याच ड्रायव्हरांना होती. तेवढंच पेट्रोल वाचतं, आणि वाचलेलं बाटलीत भरून विकता येतं. पण गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं, आणि न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हा पेट्रोल चोरायच्या नादात ड्रायव्हरने मालकांचा जीव धोक्यात घातला, असं ठरलं. दादा एकच सांगत राहिले, "गाडी तिसऱ्यात व्हती. पाय उचलला अन् तिसरा टिकलाच न्हाई, आपुआप सुटला. म्या न्हाई काढला."

हे खरं की खोटं ते सांगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. बीडला एका उस्तादांच्या गॅरेजात मी काम शिकत होतो, आणि दीड-दोन महिन्यांपूर्वी याच गाडीचा डबा बेअरिंग बदलायला तिथे आला होता. उस्तादांनी तो पूर्ण माझ्यावर सोपवला होता. एकट्याने बसवलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला डबा. गावात मी त्याची फुशारकी मारली होती, दादांनी माझ्यापेक्षा जास्त मारली होती. म्हणून थोरल्या मालकांनी मला बोलावणं धाडलं.

बंगल्यासमोर वीस-पंचवीस माणसं बसली होती. थोरले मालक खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. दादा समोर उभे, पायात चप्पल नव्हती.

"तूच बसवलता ना रं डबा?" मालकांनी विचारलं. "मंग सांग समद्यांसमोर. गिअर आपुआप सुटतो का?"

मी म्हणालो, "न्हाई मालक. गिअर आपुआप सुटत नसतो. हातानं काढावा लागतो."

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. कोणीतरी मागून म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. काही जण हसले. मालक म्हणाले, "बघा, पोटचं पोरगंच सांगतंय," आणि दादांना तिथल्या तिथे काढून टाकलं.

पुढे तालुक्यात त्यांना कोणी गाडी चालवायला दिली नाही. चोराच्या हातात किल्ली कोण देणार? त्याच हंगामात आई-दादांनी कोयता घेतला आणि गावातल्या बाकीच्यांसारखे ते ऊसतोडीला गेले. स्टिअरिंगवरचे हात उसाच्या पाचटाने फाटले. असे बारा हंगाम गेले, मग आईची कंबर गेली, आणि काही वर्षांनी आईही गेली. दादा पुन्हा कुठल्याही गाडीत पुढे बसले नाहीत. एसटीत चढले तरी थेट मागच्या बाकावर जातात. आणि मला त्या दिवसापासून ते नावाने हाक मारत नाहीत, 'मिस्त्री' म्हणतात. "या मिस्त्री. बसा मिस्त्री. जेवले का मिस्त्री?" सगळ्या गावाला मी अरे-तुरे, आणि बापाला अहो-जाहो. त्यापेक्षा त्यांनी चपलेने हाणलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी बाहेर काढली आणि मुद्दाम मांजरसुंब्याच्या घाटात नेली. आता तिथला रस्ता रुंद झाला आहे, पण उतार काही कुठे गेलेला नाही. वर जाताना तिसरा नीट धरला, कारण इंजिन ओढत होतं. वरून वळून खाली निघालो, तिसऱ्यात टाकली, वेग घेतला आणि ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला. दांडी खाटकन न्यूट्रलला आली. माझा हात मांडीवर होता. गाडी मोकाट सुटली, मी ब्रेक मारला आणि तिला बाजूला घेतलं. पुन्हा वर नेली, पुन्हा तेच झालं. एकूण चार वेळा.

त्या घाटात कडेला उभा असताना मला काय वाटत होतं ते लिहून टाकतो. मला दादा चोर निघायला हवे होते. पस्तीस वर्षं नुसतं उभं राहून गंजल्यामुळे, किंवा मध्ये कोणा अडाण्याने हात घातल्यामुळे तिसरा आत्ता बिघडला असेल, तर तेव्हाचं माझं बोलणं खरं ठरत होतं. डबा तेव्हापासूनच तसा असेल तर खोटं. लाज वाटते, पण माझा कल कुठे होता त्यात शंका नको.

म्हणून मी आधी बाहेरचंच सगळं तपासलं. स्टिअरिंगच्या खांबापासून डब्यापर्यंत ज्या सळया जातात त्यांचे बुश ढिले असले तरी गिअर सुटतो. बुश नवे होते, पुणेकरांनी बदलले होते. सळया लांब-आखूड झाल्या असतील म्हणून त्या काढून परत जुळवल्या. डबा ज्या रबरांवर बसतो ती दबून गेली असतील तर पाय उचलताना डबा हलतो आणि दांडी निसटते. रबरं टणटणीत होती. बाहेर दोष मिळावा म्हणून मी दोन दिवस घालवले. एखाद्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर कोणी असा वेळ काढला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी नाइलाजाने डबा खाली घेतला. तेल काढलं, ते काळं आणि घट्ट झालं होतं. झाकणाचे बोल्ट सोडले आणि झाकण उचलताना खालचं पॅकिंग दिसलं. आमच्या उस्तादांच्या गॅरेजात पॅकिंग विकत आणत नसत. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कात्रीने कापून, लाख लावून बसवायचा. हा पुठ्ठाही पत्रिकेचाच होता. तेलाने काळा झालेला, पण उन्हात धरल्यावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं वाचता येत होतं. बोल्टांच्या डोक्यांतून ओवलेल्या तारेला उलटा पीळ होता, कारण मी डावखुरा आहे. म्हणजे माझ्यानंतर या डब्याला कोणीच हात लावला नव्हता. अपघातानंतर थोरल्या मालकांनी जीप घेतली आणि ही गाडी शेडात लोटून दिली, हे मला ठाऊक होतं. तरी मी ती तार सोडायला बराच वेळ घेतला.

आतले दाते ठणठणीत होते. तिसऱ्या गिअरची पितळी रिंग जेमतेम झिजलेली. गिअर सरकवणारा काटा सरळ होता. शाफ्ट हलवून पाहिला, त्याला खेळ नव्हता. बेअरिंग मीच घातलेली, अजून गुळगुळीत. आता एकच जागा उरली. डब्याच्या आत गिअर सरकवणाऱ्या प्रत्येक दांडीला खाचा असतात. गिअर पडला की त्या खाचेत एक छर्रा बसतो आणि छर्ऱ्याला वरून एक जाड स्प्रिंग दाबून धरतो. तो स्प्रिंग जागेवर आहे तोवर गिअर जागेवर आहे. अशा तीन दांड्या आणि तीन स्प्रिंग.

पहिल्या-दुसऱ्या गिअरचा स्प्रिंग काढला, जाड, काळा, बोटाला न दबणारा. रिव्हर्सचा काढला, तोही तसाच. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा बूच फिरवला आणि आतून जे बाहेर आलं ते तळहातावर घेऊन मी जमिनीवर बसलो. हातात धरायच्या बॅटरीच्या बुडाशी सेलला टेकायला असतो ना, तो मऊ, निमुळता स्प्रिंग. एका बाजूने पक्कडीने तोडलेला.

तो मी तोडला होता.

झालं होतं असं. तो डबा गॅरेजात उघडा पडलेला असताना खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही. आमचे उस्ताद मुसलमान, पण खंडेनवमीला नारळ स्वतः आणायचे आणि पूजा आमच्याकडून करवून घ्यायचे. पाने, हातोडे, जॅक धुतलेल्या पोत्यावर मांडायचे, ही रीत. मला मात्र माझा पहिला डबा मिरवायचा होता. डब्यातले गिअर डिझेलने लखलखीत धुऊन मी तेही पूजेत मांडले. छर्रे आणि स्प्रिंग बारीक, हरवतील म्हणून ते ताटात ठेवले. त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता, सुपारी, झेंडूची फुलं. बाकीच्या पोरांनी हसून बघितलं. उस्ताद म्हणाले, यंत्र पोटात शोभतं, ताटात नाही. मी ऐकलं नाही. दसरा झाल्यावर मी ताट आवरलं, दिसले तेवढे छर्रे-स्प्रिंग वेचून घेतले, आणि निर्माल्य बिंदुसरेत सोडून आलो. डबा भरताना कळलं की एक स्प्रिंग कमी आहे. तो झेंडूच्या फुलांबरोबर नदीत गेला होता.

उस्ताद हैदराबादला गेले होते. मालकांचा माणूस गाडी न्यायला बाकावर बसून होता. पूजेत ठेवलेला स्प्रिंग मी नदीत टाकला, हे कोणाला सांगणार? सगळ्या गॅरेजने मला फाडून खाल्लं असतं. मी बॅटरी उघडली, तिचा स्प्रिंग तोडला, घातला, बूच लावला. दांडी फिरवून पाहिली, गिअर पडत होता. खरा स्प्रिंग मिळाला की बदलून टाकू, असं स्वतःला सांगितलं. सपाट रस्त्यावर महिनाभर तिसरा टिकलाही.

नंतर मी ते विसरलो, असं इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला पटेल. मलाही बरीच वर्षं पटत आलं होतं. पण खरं तसं नाही. बंगल्यासमोर मालकांनी विचारलं तेव्हा तो स्प्रिंग मला आठवला होता. एवढ्याशा स्प्रिंगने काय होतंय, असं म्हणून मी तो मनातून ढकलून दिला आणि तोंड उघडलं. वीस वर्षांचा होतो, नुकताच मिस्त्री झालो होतो, आणि वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. बाप चोर असणं मला चाललं, मी कच्चा मिस्त्री असणं चाललं नाही. पुढे पस्तीस वर्षं मी थोरल्या मालकांचा द्वेष केला, धाकल्यांचा केला, गावाचा केला, न्यूट्रलला गाडी सोडणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हराला गॅरेजातून शिव्या देऊन हाकललं. दादांचाही केला. स्वतःचा करायला उरू नये म्हणूनच बहुतेक.

जुन्या डब्यांतून काढून ठेवलेले स्प्रिंग माझ्याकडे डबाभर आहेत. त्यातला एक घातला. छर्राही बदलला, पॅकिंग नवं कापलं, तेल भरलं. पाच मिनिटांचं काम होतं ते, बाकी सगळी उघडझाक. डबा चढवून पुन्हा घाटात गेलो. तिसऱ्यात टाकली, पाय उचलला. इंजिनाने गाडी धरून ठेवली. पार खालपर्यंत दांडी हलली नाही. मला बरं वाटलं नाही. त्या दांडीचा मला इतका राग आला की तिच्यावर मूठ आपटून घेतली आणि बोटं सुजवून घेतली.

गाडी द्यायच्या दिवशी मी ती स्वतः गावाकडे घेऊन निघालो, आणि बंगल्यावर जायच्या आधी आमच्या घरापुढे थांबवली. दादा आता ऐंशीचे आहेत. ओट्यावर बसले होते. गाडी बघून ते उठले नाहीत, पण हातातली तंबाखू मळायची थांबली.

"या मिस्त्री," ते म्हणाले.

मी त्यांच्यापुढे तो तुटका स्प्रिंग ठेवला आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, ताट, नदी, बॅटरी. बंगल्यासमोर मला ते आठवलं होतं, हेही सांगितलं. वाटलं होतं ते रडतील, किंवा मारतील. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

दादांनी स्प्रिंगला हातही लावला नाही. "मला कावून सांगता?" ते म्हणाले. "मला ठावंच हाय तिसरा सुटलता. माझ्या हातानं चालवत व्हतो म्या. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. जिथं सांगितलं व्हतं तिथंच सांगा, तेवढ्याच मानसांत."

"दादा, ती माणसं आता..."

"जेवढी हायेत तेवढी."

मी गाडी घेऊन बंगल्यावर गेलो. अर्ज भरायला निघायचा दिवस होता. शंभरेक माणसं जमली होती, हार होते, हलगी होती. जुन्यांपैकी चार-पाच म्हातारे सावलीला बसलेले दिसले. मी गाडीतून उतरलो आणि किल्ली हातात धरूनच मोठ्याने बोललो. गिअर त्या वेळी आपोआपच सुटला होता, डबा मी चुकीचा बसवला होता आणि इथे उभं राहून खोटं बोललो होतो, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारलं, "कोनाचा गिअर?" हलगीवाला थांबला होता, त्याला वाटलं माझं काही भाषण आहे.

धाकल्या मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसले.

"म्हंजी आमच्या तात्यांचा हात तुमी मोडला व्हय मिस्त्री?" ते म्हणाले. "बाप न्हाई तर लेक. घर तर तेच निघालं की!"

माणसं खदाखदा हसली. मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, पण ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं.

"आता धरतो ना तिसरा?" त्यांनी विचारलं.

"धरतो."

"मंग झालं तर. जुनं कोन उकरत बसतंय?" त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि एकाला माझ्या गळ्यात हार घालायला सांगितलं. तो हार मी काढून कुंपणावर टाकला आणि चालत घरी आलो.

दादा ओट्यावर तसेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, हसण्यासकट, एक शब्द न गाळता. उद्यापासून जिल्ह्यात माझ्याकडे डबा कोण आणणार, हेही बोलून गेलो. त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"अन् पेट्रोलचं काय म्हनले?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोलचं?"

"चोर म्हनलते मला. बारा हंगाम कोयता हानला म्या त्या एका शब्दापायी. तुमची आई मुकी राहिली चार बायकांत. तो शब्द मागं घेतला का न्हाई?"

मी म्हणालो, तो विषयच निघाला नाही.

"तुमी काढला न्हाई."

"नाही."

"गिअर सुटला म्हनून सांगून आले," दादा म्हणाले. "माझा बाप चोर न्हाई म्हनून न्हाई सांगितलं."

बंगल्याकडून हलगी ऐकू येत होती, अजून निघाले नव्हते. दादांनी तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग परत जावा, मिस्त्री."

मी परत गेलो.